पेटी मावशीकडे, किल्ली भाचीकडे

९ जानेवारी

ठकू,

खूप खूप आशीर्वाद. या पाकिटात कापडाची एक पुरचुंडी आहे, ती चिंधी समजून टाकू नकोस. उसवून बघ, आत किल्ली आहे. टपालात कुठे निसटू नये म्हणून दुहेरी शिवण घातली आहे.

आमच्या शिवणकारखान्यात एका संस्थेने बचतीचा वर्ग सुरू केलाय. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. शिकवणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या आहेत. फळ्यावर गरज आणि इच्छा असे दोन रकाने काढतात आणि एकेक खर्च कुठे लिहू असं विचारतात. पहिला दिवस चहातच गेला. आपल्या गल्लीतली काजवाली, माझ्या शेजारच्या मशीनवर काजं करते ती, म्हणाली, मुकादमाचा चहा इच्छेत लिहा, आमचा गरजेत. बाईंनी तसंच लिहिलं.

प्रत्येकीला पत्र्याची एक पेटी दिली आहे. वर पैसे टाकायला फट, पुढे कुलूप, आणि कशासाठी साठवतोय त्याची चिठ्ठी चिकटवायची. मी लिहिलं, ओव्हरलॉक मशीन, जुनं, मोटरसकट, सतरा हजार. ते घरी आलं की कडेची शिलाई घरबसल्या करायची आणि कारखान्याला रामराम. अकरा तास त्या स्टुलावर आता कंबर साथ देत नाही. वर्षभर पेटी नीट चालवली तर संस्था जमेचा दहावा भाग वरून घालणार आहे. फोडली तर नाही.

किल्ली घराबाहेरच्या, विश्वासाच्या माणसाकडे द्यायची. बाकीच्यांनी बाईंकडेच दिल्या. मी म्हटलं माझी भाचीकडे. बाई म्हणाल्या, इतक्या लांब? मी म्हटलं, म्हणूनच.

तुझे काका वाईट नाहीत, तीन वर्षं तू आमच्याकडे राहून शिकलीस, तुला सांगायला नको. पण खिशात पैसे असले की समोरच्याची अडचण त्यांना आधी दिसते आणि घर मागून. फोनवर हे बोलता येत नाही. फोन घरात एकच, तो त्यांच्याकडे, आणि पलीकडचं बोलणं अख्ख्या खोलीला ऐकू येतं. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर लिही.

मावशी


१७ जानेवारी

मावशी,

किल्ली मिळाली. शिवण उसवायला सात मिनिटं लागली.

आठवड्याला तीनशे टाकलेस तर बावन्न आठवड्यांत पंधरा हजार सहाशे होतात. दहावा भाग धरून सतरा हजार एकशे साठ. मशीन आणून एकशे साठ उरतील. म्हणजे भर मिळाली तरच जमतं, आणि एकही आठवडा चुकवायला फारशी जागा नाही. पेटी किल्लीने वर्षाच्या आत उघडली तर भर मिळते का, हे बाईंना विचारून कळव.

माझं बरं चाललंय. प्रयोगशाळेत वजनकाटे आणि दाबमापकं येतात. ती खरं दाखवतात की नाही ते तपासायचं आणि शिक्का मारायचा. खोली कोरडी आहे. वेळेवर जेवते. हे तू विचारणार होतीस.

ठकू


२ मार्च

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या काकांचे एक स्नेही रंगाचे दुकान काढत असून ते काकांना भागीदारी देऊ करत आहेत. काकांनी इतकी वर्षे भिंती रंगवल्या, आता गल्ल्यावर बसण्याची संधी आली आहे. तरी पेटीची किल्ली परतीच्या टपालाने पाठवावी.

तुझी मावशी


३ मार्च

ठकू,

आशीर्वाद. कालचं पत्र काकांनी सांगितलं आणि मी लिहिलं. किल्ली पाठवू नकोस. त्या स्नेह्याने आजवर तीन दुकानं काढली, आता चौथं. पण मी नाही म्हटलं की दोन दिवस घरात कोणी बोलत नाही. तू नाही म्हटलंस की भाची शिकलेली आहे, कडक आहे, एवढंच होतं. तू लांब आहेस, तुझ्यावर रुसून त्यांना काय मिळणार?

घरच्या पत्त्यावर एक खरमरीत नकार पाठव. वाईटपणा तुझ्याकडे जातो, याचं मला वाईट वाटतं. पण खोटं कशाला बोलू, फार वाटत नाही.

बाईंना विचारलं. किल्लीने वर्षात एकदा उघडता येते, कारण लिहून. भर जात नाही.

मावशी


९ मार्च

मावशी,

घरच्या पत्त्यावर आजच वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलंय की पेटीवरच्या चिठ्ठीत दुकान नाही, मशीन आहे, आणि चिठ्ठी बदलेपर्यंत किल्ली मिळणार नाही. काकांना नमस्कार लिहिला आहे. खरमरीत झालं असावं.

वाईटपणाचं मला काही नाही. पण एक पद्धत ठरवू. पुढे अशी पत्रं आणखी येतील आणि त्यातलं खरं कोणतं हे मला अक्षरावरून कळणार नाही, कारण दोन्ही तूच लिहिणार. तेव्हा तुला पैसे खरोखर हवे असतील तर पत्रात आकडा लिही. पूर्ण, शेवटच्या एककापर्यंत. आकडा नसेल तर पत्र काकांसमोर लिहिलंय असं मी धरीन आणि नकार पाठवीन. उलट विचारणार नाही, कारण तो प्रश्न त्यांच्या हाती लागू शकतो.

ठकू


२० जून

ठकू,

अनेक आशीर्वाद. पद्धत झकास चाललीय. एप्रिलमध्ये काकांची पाठ धरली आहे, औषधाला पैसे हवेत, असं पत्र आलं ना तुला? पाठ वगैरे काही नव्हती. त्यांच्या धाकट्या भावाला गाडीचा हप्ता भरायचा होता. तुझा नकार आला तो त्यांनी दोनदा वाचला, म्हणाले, इंजिनीअरबाईंच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, आणि पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

पेटीत सहा हजार सातशे झाले. मी वहीतही लिहिते. दर रविवारी आठवड्याचा खर्च लिहायचा, हे बाईंनी लावून दिलंय. पहिल्यांदा हसू यायचं. पण रिक्षाला महिन्याला किती जातात ते कळल्यावर हसू थांबलं, आता चालत जाते. काका वहीकडे बघत नाहीत. पण परवा स्वतःहून सांगितलं, बिडीचे चाळीस लिही. मी लिहिले.

एक गोष्ट मनात आहे, ती तुलाच सांगते. पूर्वी काजवाली माझ्याकडे मागायची, मी तिच्याकडे. शे-दोनशे इकडून तिकडे जायचे, कोणी लिहून ठेवत नव्हतं. मे महिन्यात ती मुलीची फी भरायला आठशे मागायला आली. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे नाही गं, भाचीकडे आहे. खरंच होतं ते. ती म्हणाली, हो की, माझीही बाईंकडे आहे. मग दोघी आपापल्या मशीनकडे वळलो. आता आमच्या रांगेत कोणी कोणाकडे मागत नाही. सगळ्यांच्या पेट्या जड झाल्यात. बाई म्हणतात हे यशच आहे, आणि असेलही.

तू अशक्त झालीस का? फोटोत गळ्याची हाडं दिसतात.

मावशी


४ सप्टेंबर

ठकू,

काका परांचीवरून पडले. उजवं मनगट मोडलंय. इस्पितळात आधी पैसे भरा म्हणतात. किल्ली लगेच पाठव. फोनही पडून फुटला, तुझा नंबर त्यातच होता.

मावशी


९ सप्टेंबर

मावशीस आणि काकांस नमस्कार.

पत्र मिळालं. एप्रिलमध्ये पाठीसाठी किल्ली मागितली होती, तेव्हाचं उत्तर आजही तेच आहे. पेटी मशीनसाठी आहे. वर्ष पुरं व्हायला चार महिने उरलेत आणि एवढ्यावर येऊन ती उघडणं मला योग्य वाटत नाही. काकांच्या हाताला आराम मिळो. कामावर परांची वापरताना काळजी घ्यावी.

ठकू


१३ सप्टेंबर

ठकू,

चौदा हजार दोनशे पन्नास.

हा आकडा मला चार तारखेला माहीत नव्हता. फोटो काढून, मोठ्या डॉक्टरांना दाखवून मग सांगू, असं ते म्हणत होते. मी कारखान्यात बसून, मुकादम डोक्यावर उभा असताना, माल-पावतीच्या मागे तुला चार ओळी लिहिल्या. आकडा घालायचा असतो हे मला आठवलंसुद्धा नाही. आठवलं असतं तरी काय घातलं असतं?

तुझं पत्र काकांनीच फोडलं. डाव्या हाताने आणि दातांनी. वाचून मला दिलं. म्हणाले, पोरीचं बरोबर आहे, मी आजवर हेच केलंय.

पेटी फोडायला मी पहिल्याच दिवशी हातोडी घेतली होती. त्यांनीच थांबवलं. म्हणाले, भर जाईल तुझी, चार दिवसांचा प्रश्न आहे, ठकू किल्ली पाठवणार. गल्लीत मागायला जाऊ म्हटलं, तर वर्षभर मी सगळ्यांना तोंडावर नाही म्हणत आलेय, आता कुठल्या तोंडाने दार वाजवू? काजवाली आपणहून आली, बाराशे घेऊन. मी मान खाली घालून घेतले. तिने फीचा विषय काढला नाही. तेच जास्त लागलं.

तात्पुरती पट्टी बांधली आहे. पेटीत नऊ हजार सहाशे पन्नास आहेत.

मावशी


१७ सप्टेंबर

मावशी,

किल्ली या पाकिटात आहे. हे कुरिअरने पाठवते आहे, उद्या दुपारपर्यंत पोचेल. कारखान्याच्या दरवानाला सांगून ठेव. सोबत काढलेली सहा हजारांची मनीऑर्डर घरी येईल. कमी पडतात ते त्यात भागतील आणि काजवालीचे परत करता येतील. मनीऑर्डर परत पाठवू नकोस.

कारणं देत नाही. काय झालं ते लिहिते.

चार तारखेचं पत्र मला नऊ तारखेला मिळालं. ते माल-पावतीच्या मागे लिहिलेलं होतं. आधीची काकांसमोर लिहिलेली दोन्ही पत्रं रेघांच्या कागदावर होती. अक्षर तिरकं होतं, तारखेखाली रेघ नव्हती, आणि तू आशीर्वाद लिहिले नव्हतेस. तू मला आशीर्वादाशिवाय लिहिलेलं ते पहिलं पत्र होतं. हे सगळं मला दिसलं. मी नियम आकड्याचा केला होता, म्हणून फक्त आकडा शोधला. तो नव्हता. मी दहा मिनिटांत उत्तर लिहिलं आणि जेवायला गेले.

माझ्याकडे काटा आला आणि तो एकाच वजनाला तपासलेला असला, तर मी त्यावर शिक्का मारत नाही. किमान पाच ठिकाणी तपासावा लागतो. हे मला माहीत आहे आणि रोज करते.

डॉक्टर काय म्हणतात ते कळव. नेमकं कळव, मला बरं वाटावं म्हणून काही कमी करू नकोस.

ठकू


५ ऑक्टोबर

ठकू,

खूप आशीर्वाद. गेल्या पत्रातलेही यातच धर.

नेमकं हवंय ना, तर ऐक. ऑपरेशन वीस तारखेला झालं. आत धातूची पट्टी आणि चार स्क्रू आहेत. डॉक्टर म्हणाले, आठवडा-दहा दिवस आधी आला असतात तर सरळ बसलं असतं, हाड वाकडं धरायला लागलं होतं. आता मनगट वळेल, पण पूर्ण नाही. भिंत रंगवता येईल. छत जमेल की नाही ते सांगता येत नाही, कारण छताला ब्रश उलटा धरावा लागतो. व्यायाम रोज करायचाय. करत नाहीत. दुखतं म्हणतात, मग मी ओरडते, मग दोन वेळा करतात आणि दहा वेळा केले म्हणून सांगतात.

मशीनचं पुढच्या वर्षी बघू. पेटीत पुन्हा दीडशे टाकायला लागलेय. कंबर आहे तशी आहे.

वर्गात मी बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमची पेटी चांगली आहे, पण तिने आम्हाला नाही म्हणायला शिकवलं आणि हो कधी म्हणायचं ते राहून गेलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग काजवालीने सुचवलं, कुलपाला दुसरी किल्ली करू. माझी दुसरी तिच्याकडे, तिची माझ्याकडे. समोर राहणाऱ्या माणसाला पत्र लिहावं लागत नाही, तोंड दिसतं. आता रांगेतल्या सगळ्यांनी तशा जोड्या लावल्यात. पहिली किल्ली मात्र तुझ्याकडेच राहील. परत पाठवायचं मनातही आणू नकोस. या पाकिटात आहे, या वेळी एकेरी शिवण आहे.

संस्थेकडून पाहणीवाली मुलगी आली होती. चाळीस प्रश्न. बचत वाढली का, हो. खर्च लिहिता का, हो. पेटीमुळे घरात भांडणं वाढली की कमी झाली, असं तिने विचारलं तेव्हा खाटेवरून आवाज आला, "कमी झाली. सगळी टपालाने जातात." ती मुलगी हसली आणि 'कमी' वर खूण केली.

अगं, मी रागावले होते. तेरा तारखेचं पत्र टाकून येताना रस्त्यात रडले. पण पद्धत तू एकटीने ठरवली नव्हतीस. मला ती सोयीची होती म्हणून मी झकास म्हटलं. तुला पुढे करून मागे उभं राहायची मला सवय लागली होती.

सोबत काकांचं पत्र आहे. काय लिहिलंय ते मला वाचू दिलं नाही.

मावशी


(तारीख नाही, अक्षर मोठं आणि वाकडं)

इंजिनीअरबाई,

डाव्या हाताने लिहितोय. दोन दिवस लागले. हसू नकोस.

मार्चमध्ये दुकानाचं पत्र मी सांगत होतो आणि तुझी मावशी मुकाट्याने लिहीत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, ती माझ्यासमोर मुकाट्याने कधी बसलेली नाही. तेव्हाच ओळखलं की दुसरं पत्र जाणार.

मग मी ते पत्र कशाला सांगितलं, असं विचारशील. त्या दुकानवाल्याला नाही म्हणायला मला जमेना. तुझा नकार आला तो मी त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, बघ बाबा, घरात माझं काय चालतं. धाकट्या भावालाही तोच दाखवला, एप्रिलचाही दाखवला. तुझ्या दोन पत्रांवर मी पाच जणांना वाटेला लावलं. पत्रं अजून खिशात आहेत, घडीवर फाटलीत.

आकड्याची भानगड मात्र मला माहीत नव्हती. नाहीतर काहीतरी आकडा ठोकून दिला असता.

मनगटाचं खापर एकटीवर फोडून घेऊ नकोस, त्यात माझाही वाटा आहे. पेटी फोडू नको म्हणणारा मी. भर जाईल म्हणालो ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं. एवढ्या वर्षांत या घरात पहिल्यांदा काहीतरी साठलं होतं. त्यावर हातोडी पडलेली मला बघवली नसती.

छत दुसरं कोणी रंगवील. मावशीला सांगू नकोस मी पत्रं दाखवत फिरलो ते. तिला तिची हुशारी वाटू दे.

काका


१४ ऑक्टोबर

मावशीस आणि काकांस,

घरच्या पत्त्यावर तुम्हा दोघांना मिळून लिहिलेलं हे माझं पहिलं सरळ पत्र. यात दडवलेलं काही नाही. फक्त काकांनी एक गोष्ट मला सांगू नकोस म्हणून लिहिलं आहे, ती मी सांगत नाही. मावशीने ती त्यांच्याकडून काढून घ्यावी.

मी एक तबकडी बनवली आहे. पुठ्ठ्याची नाही, ॲल्युमिनियमची, अंश कोरलेली. मध्ये मूठ आहे. मूठ धरून मनगट वळवलं की काटा फिरतो आणि किती वळलं ते दिसतं. मी माझ्या मनगटावर आणि इथल्या चौघांच्या मनगटांवर ती तपासली. चूक एका अंशापेक्षा कमी आहे. इथल्या इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत रोज नेटाने केलं तर बरंच परत मिळतं, नंतर नाही. तीन महिन्यांतले चोवीस दिवस गेले. दोन वेळा करून दहा सांगणं तबकडीपुढे चालणार नाही.

छताला ब्रश धरायला किती अंश लागतात तेही मोजलं. स्टुलावर उभी राहून. काका समजतात त्यापेक्षा कमी लागतात.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. पंधरा दिवस राहीन. रोज सकाळ-संध्याकाळ मी मोजीन आणि मावशीच्या वहीत लिहीन. रजेच्या अर्जावर मी 'घरी जायचं आहे' एवढंच लिहिलं. साहेब म्हणाले, तू तर इथेच राहतेस ना. इथे माझी खोली आहे, असं मी त्यांना सांगितलं.

ठकू